आगाऊ पैशाचे जेवण

मराठीत ‘आगाऊ’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. वेळेपूर्वी दिलेला पैसा आगाऊ, आणि वयाची वा नात्याची मर्यादा सोडून पुढेपुढे करणारे मूलही आगाऊच. एकाच शब्दात हे दोन अर्थ कसे नांदू लागले ते भाषेच्या अभ्यासकांनी सांगावे. मला मात्र ते दोन्ही एकाच ताटात वाढलेले पाहावयास मिळाले, आणि तेही बंगळूरच्या बनशंकरी भागातील एका उपाहारगृहात. त्या उपाहारगृहाचे नाव मी येथे घेत नाही. दोष केवळ त्याचा नव्हता; निम्मा माझा होता, आणि त्या निम्म्याविषयीच आज मला विशेषेकरून बोलावयाचे आहे.

बनशंकरी हा दक्षिण बंगळूरमधील मोठ्या वस्तीचा भाग. २०१७च्या जूनमध्ये मेट्रोची हिरवी मार्गिका येथून धावू लागली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाचे लोकही सहज येथे येऊ लागले. भागाला नाव मिळाले ते देवीवरून. कनकपुरा रस्त्यावरील तिचे मंदिर १९१५ सालचे आहे. राहुकाळी तेथे लिंबाच्या उलट्या केलेल्या सालीत तेल घालून दिवे लावणाऱ्या स्त्रियांची रांग लागते. परंतु देवीचे मूळ स्थान बदामीजवळचे. कर्नाटकातील आणि महाराष्ट्रातीलही कितीतरी मराठी घराण्यांची ती कुलस्वामिनी आहे. बनशंकरी म्हणजेच शाकंभरी. पृथ्वीवर दीर्घ अवर्षण पडले असता आपल्या देहातून उगवलेल्या भाज्यांवर मी जगाला पोशीन, असे आश्वासन देवीमाहात्म्यात जी देवी देते ती हीच. पौषातल्या यात्रेत बदामीस तिला एकशे आठ भाज्यांचा नैवेद्य दाखवितात. अन्नाचा शब्द देऊन तो पाळणारी ही देवता आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

माझ्या वहिनी बेळगावच्या. वय सत्तरीपलीकडचे. तीस वर्षे त्यांनी तेथे खाणावळ चालविली आणि गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावरच बंद केली. त्यांची कुलस्वामिनी बनशंकरी. आमच्याकडे चार दिवस राहावयास आल्या तेव्हा मंदिराला जायचे ठरलेच होते. माझ्या मनात आले, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना वाढले त्यांना एकदा कोणीतरी बसवून, आदराने, एकेक पदार्थ पुढे ठेवून वाढावे. त्याच सुमारास त्या भागातील एका उपाहारगृहाची जाहिरात माझ्या पाहण्यात आली. एका संध्याकाळी कर्नाटकाच्या निरनिराळ्या प्रांतांतील अकरा पदार्थ क्रमाने वाढले जाणार होते. माणशी अडीच हजार रुपये, तीन आठवडे आधी भरावयाचे. तिघांचे साडेसात हजार मी दूरध्वनीवरूनच भरले. पावतीच्या अखेरच्या ओळीत बारीक अक्षरांत लिहिले होते की भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. ती ओळ मी वाचली, पण ती माझ्यासाठी नसून दुसऱ्या कोणासाठी असावी, अशा थाटात वाचली.

या प्रकारच्या भोजनाला आपल्याकडे अजून रूढ शब्द नाही. टेस्टिंग मेनू असेच म्हणतात. मी त्याला आस्वादभोजन म्हणेन. त्यात पाहुण्याने काही निवडावयाचे नसते. स्वयंपाकी निवडतो, क्रम लावतो, आणि दहाबारा पदार्थ दोनदोन घासांच्या मापाने एकामागून एक पाठवितो. १९७०नंतर फ्रान्समधील नव्या पाकपद्धतीने त्याला प्रतिष्ठा दिली आणि जपानच्या पारंपरिक क्रमवार भोजनाचा त्यावर बराच प्रभाव पडला. कल्पना वाईट नाही. चांगल्या हातात ती मैफिलीसारखी रंगते. विलंबित झाल्यावाचून द्रुत येत नाही आणि श्रोत्याने मध्येच फर्माईश करावयाची नसते.

पैसे आधी घेण्यामागेही न्याय्य कारण आहे. ठरवून न येणारा पाहुणा हा अशा उपाहारगृहाचा मोठा शत्रू. वीस जणांपुरतेच सामान आणले, मासळी वा भाजी त्याच दिवशीची घेतली, आणि सहा जण फिरकलेच नाहीत, तर ते सामान उद्याच्या गिऱ्हाइकाला चालत नाही. शिकागोमध्ये २०११ साली ‘नेक्स्ट’ नावाचे उपाहारगृह उघडले. तेथे नाटकासारखी तिकिटेच विकण्यात आली. आधी तिकीट, मग जेवण. ती युक्ती पुढे देशोदेशी पसरली. नाटकाचे तिकीट आपण आगाऊ काढतोच, मग जेवणाचे काढावयास हरकत काय, असे मीही स्वतःला समजावले होते. एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली. नाटकाला बसताना प्रेक्षकाने जेवणापूर्वीची गोळी घेतलेली नसते.

वहिनींना मधुमेह आहे. जेवणाआधी अर्ध्या तासाने एक गोळी घ्यावी लागते. निमंत्रण साडेसातचे होते. खाणावळीची शिस्त अंगी मुरलेल्या त्या बाईंनी ठीक सात वाजता गोळी घेतली. आम्ही वेळेवर पोहोचलो. मंद दिवे, पितळेच्या समया, केळीच्या पानाचे चित्र छापलेला कागद. खरे पान नव्हते. आठ वाजेपर्यंत इतर मंडळी येत होती. मग एका तरुणाने आपल्या आजीच्या स्वयंपाकघरावर सुमारे पंधरा मिनिटे भाषण केले. सव्वाआठला पहिला पदार्थ आला: रुपयाएवढी तांदळाची भाकरी आणि तिच्यावर चटणीचा ठिपका. वहिनींनी ती उचलली, पाहिली, आणि पाठोपाठ बाकीची येईल या समजुतीने खाली ठेवली.

पुढचा पदार्थ पंचवीस मिनिटांनी आला. ज्वारीच्या भाकरीचा वाळका तुकडा, त्याच्या बाजूस भरल्या वांग्याची एक फोड. बेळगावच्या बाईपुढे ज्वारीची भाकरी आणि एण्णेगायी ठेवणे हे धाडसच म्हणावयाचे, आणि त्यातून वांगे गार होते. तिसऱ्या क्रमांकावर काचेच्या उंच पेल्यात बिसी बेळे भात. कानडीत बिसी म्हणजे ऊन, गरम. हा कोमटाच्याही खाली उतरला होता. एखाद्या पदार्थाचे नावच त्याची चुगली करते असा प्रसंग विरळा.

येथवर सारे विनोदात घालविता आले असते. परंतु नवाच्या सुमारास वहिनींच्या कपाळावर घाम आला आणि हात थरथरू लागले. मी वाढणाऱ्या मुलाला बोलावून साधा भात मागितला. तो आत गेला आणि खाली मान घालून परत आला; पदार्थ क्रमानेच निघतील, स्वयंपाकघरात दुसरे काही नाही, असे त्याला सांगण्यात आले होते. आमची तारांबळ पाहून मात्र तो पुन्हा आत गेला, आणि या खेपेस कोणाला न विचारता एका वाटीत साखर घेऊन आला. वहिनींनी ती चमचा चमचा करून खाल्ली. दहा-पंधरा मिनिटांत त्यांना बरे वाटू लागले.

आता माझा निम्मा दोष सांगतो. त्या वेळी उठून पाच मिनिटांवरच्या कोणत्याही साध्या हॉटेलात जाऊन त्यांना ऊन भात खाऊ घालणे, एवढेच शहाणपणाचे होते. माझ्या पत्नीने तसे सुचविलेही. मी म्हणालो, ‘आता थोडेच राहिले आहेत, साडेसात हजार भरले आहेत.’ आणि आम्ही आणखी दीड तास बसलो. अकरांपैकी दोन पदार्थ आलेच नाहीत. सामान मिळाले नाही असे सांगण्यात आले. दहा चाळीसला आम्ही बाहेर पडलो. घरी पत्नीने दहीभात कालवला आणि आम्ही तिघे स्वयंपाकघरातच बसून जेवलो.

त्या दीड तासाचा मी पुढे पुष्कळ विचार केला. साडेसात हजार रुपये तीन आठवड्यांपूर्वीच गेले होते. मी बसलो तरी ते परत येणार नव्हते, उठलो तरी आणखी जाणार नव्हते. प्रश्न एवढाच होता की पुढचा दीड तास कोठे घालविला असता आम्हा तिघांचे हित झाले असते. परंतु माणसाचे मन असा हिशेब करीत नाही. गेलेला पैसा वसूल करण्यासाठी ते उरलेला वेळ, प्रकृती आणि प्रसंगी आप्तेष्टही पणाला लावते. अर्थशास्त्रज्ञ याला बुडीत खर्चाचा भ्रम म्हणतात. हाल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली यावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील एक प्रयोग अमेरिकेतील ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात झालेला. हंगामाचे तिकीट घेणाऱ्यांपैकी काहींना त्यांनी पूर्ण पंधरा डॉलर घेऊन तिकीट दिले, आणि काहींना, त्यांनी न मागता, सवलतीत दिले. नाटके तीच, खुर्च्या त्याच. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरणारे लोक अधिक नाटकांना हजर राहिले. पुढच्या अर्ध्या भागात मात्र हा फरक विरला. म्हणजे पैशाचा काटा काही महिने बोचतो आणि मग बोथट होतो. माझा काटा तीन आठवड्यांचाच होता. चांगला तीक्ष्ण होता.

शेजारच्या टेबलावर एक तरुण जोडपे होते. पेल्यातील गार भाताची ती दोघे मोठ्या आवाजात तारीफ करीत होती. त्यांना तो खरोखरच आवडला असेल. रुचीचा कज्जा कोणी लढवू नये. परंतु लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ साली मांडलेला विचार मला आठवला. आपली कृती आणि आपले मत यांत विसंगती राहिली तर माणूस अस्वस्थ होतो, आणि कृती मागे घेता येत नसल्यामुळे मतच वळवून घेतो. अडीच हजार भरलेला मनुष्य ‘मी फसलो’ म्हणण्यापेक्षा ‘भात गारच खावयाचा असतो’ असे म्हणणे पत्करतो. आगाऊ पैसे घेणाऱ्या मालकाला त्यामुळे एक दुहेरी लाभ होतो. पैसे तर आधीच मिळालेले असतात, आणि परीक्षकाला परीक्षेआधीच आपल्या बाजूस वळविलेले असते.

निघताना त्या मुलाने वहिनींना विचारले, जेवण कसे होते? त्या म्हणाल्या, ‘छान होते हो.’ रस्त्यावर आल्यावर मी जरा चिडूनच म्हणालो, वहिनी, छान काय होते? त्या म्हणाल्या, ‘भावोजी, साखर छान होती.’

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी त्यांना जवळच्या एका दर्शिनीत नेले. दर्शिनी हा खास बंगळूरचा प्रकार. १९८३ साली बनशंकरीला लागून असलेल्या जयनगरात आर. प्रभाकर यांच्या कल्पनेतून ‘कॅफे दर्शिनी’ सुरू झाले आणि पुढे शहरभर त्याची रूपे निघाली. खुर्च्या नाहीत, वाढपी नाहीत. गल्ल्यावर पैसे देऊन कूपन घ्यावयाचे, ते समोरच्या कट्ट्यावर ठेवावयाचे. पलीकडे स्वयंपाकघर उघडे दिसते, आणि मिनिटाभरात वाफाळलेली इडली हातात येते. उभ्याने खावयाचे आणि निघावयाचे. कट्ट्याला टेकून वहिनींनी दोन इडल्या खाल्ल्या, आणखी एक मागविली, आणि सारा वेळ इडलीच्या भांड्यावरून नजर काढली नाही. मग म्हणाल्या, ‘इथेही पैसे आधीच घेतात की!’

ते माझ्या ध्यानातच आले नव्हते. खरेच, दर्शिनीचे कूपन म्हणजे आगाऊ पैसाच. आणि वहिनींची खाणावळ? तेथेही मेंबर महिन्याचे पैसे एक तारखेला भरीत. तेव्हा रोग आगाऊ पैशात नव्हता. तो कशात होता हे मला त्या इडलीच्या कट्ट्याशी वहिनींनी समजावून दिले, आणि कोणत्याही ग्रंथापेक्षा ते मला अधिक पटले.

दर्शिनीत पैसा आणि घास यांत एका मिनिटाचे अंतर असते. इडली गार निघाली तर पुढचे गिऱ्हाईक कट्ट्याशीच उभे असते, ऐकत असते. आणि आजचा मनुष्य उद्या पुन्हा येणार की नाही यावर धंदा चालतो. खाणावळीत अंतर महिन्याचे असते, पण महिन्यात साठ ताटे असतात. एका रात्री आमटी खारट झाली तर दुसऱ्या सकाळी त्याच मेंबरच्या तोंडाकडे पाहावे लागते. शिवाय खाणावळीत ‘खाडा’ असे. मेंबर गावाला जाणार असेल तर आदल्या दिवशी सांगे, वहीत त्याच्या नावापुढे खाडा पडे, आणि पुढच्या महिन्याच्या रकमेतून ती ताटे वजा होत. ‘खाडा म्हणजे काय भावोजी, तुमचे पैसे माझ्याकडे आहेत पण ते अजून तुमचेच आहेत, एवढे कबूल करणे.’ रविवारच्या फीस्टला पाहुणा आणला तर त्याचे वेगळे पैसे पडत, तेही वहीत. ती वही दाराशीच टांगलेली असे, कोणीही पाहावी.

अर्थशास्त्रात फिलिप नेल्सन यांनी १९७० साली वस्तूंचे दोन वर्ग पाडले. काहींची पारख घेण्यापूर्वी करता येते. लुगड्याचा पोत आपण दुकानातच बोटांनी पाहतो. काहींची पारख वापरल्यावाचून होत नाही. डबाबंद मासा डबा उघडून खाल्ल्याखेरीज कळत नाही. जेवण या दुसऱ्या वर्गातले. अशा वस्तूच्या बाबतीत गिऱ्हाइकाचे रक्षण करते ती पुनरावृत्ती: एकदा फसलो तर पुन्हा येत नाही. आस्वादभोजनाचा कार्यक्रम एकदाच होतो, पदार्थ पुन्हा होणार नसतात, पाहुणेही बहुधा नवे. ठेवा आणि चाखा हा क्रम उलटा झालेला, आणि उद्याची भीती कोणालाच नाही. अशा ठिकाणी स्वयंपाक्याची स्वतःची अब्रू हीच एक हमी उरते. कित्येक ठिकाणी ती पुरते हेही सांगितले पाहिजे. याच शहरातील मावळी टिफिन रूमची गोष्ट येथील जुनी माणसे सांगतात. १९२४ साली सुरू झालेले हे उपाहारगृह. १९७५च्या आणीबाणीत खाद्यपदार्थांचे दर सक्तीने खाली आणले गेले तेव्हा मालकांनी माल हलका केला नाही. तोटा सोसून विकले आणि रोजचा तोटा दारावरच्या फलकावर लिहून ठेवला. ही वहिनींच्या दाराशी टांगलेल्या वहीचीच थोरली बहीण.

जेथे अशी वही नसते तेथे कायदा आहे, परंतु त्याची पोच नीट समजून घ्यावी. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२०पासून अमलात आला. सेवेतील उणीव, दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा यांविरुद्ध तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते; स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर गाऱ्हाणे सांगता येते. (मंदिराचे सालही तेच, वहिनींना हा क्रमांक पाठ करावा लागला नाही.) ‘रक्कम परत मिळणार नाही’ असे पावतीवर छापले म्हणून दिलेला शब्द मोडण्याची मुभा मिळत नाही. मात्र कायद्याला जीभ नाही. वांगे बेचव होते ही तक्रार तेथे टिकणार नाही. अकरा कबूल करून नऊ दिले, ही टिकेल, कारण ती मोजता येते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी मोजता येण्याजोग्या गोष्टीच विचारून लेखी घ्याव्यात. पदार्थ किती, पहिले ताट किती वाजता, आजारी माणसाला क्रम सोडून अन्न मिळेल का, कोणत्या तारखेपर्यंत नकार कळविला तर किती पैसे परत. यांतला तिसरा प्रश्न मी विचारला असता तर उत्तरावरूनच मला पुष्कळ कळले असते.

बेळगावला परतण्यापूर्वी वहिनींनी हिशेब तोंडीच केला. साडेसात हजारांचे अकरा भाग, त्यांतले दोन भाग न आलेल्या पदार्थांचे. म्हणजे एक हजार तीनशे चौसष्ट रुपये. ‘चवीचे काही लिहू नका,’ त्या म्हणाल्या, ‘ते पोर बिचारे बोलणी खाईल. दोन पदार्थांचा खाडा मागा.’ मी तसे पत्र लिहिले. आठ दिवसांनी सौजन्यपूर्ण उत्तर आले. गैरसोयीबद्दल दिलगिरी होती, आणि पुढील कार्यक्रमास दहा टक्के सवलत देऊ केली होती. रक्कम अर्थातच आगाऊ भरावयाची. मी ते वहिनींना दूरध्वनीवर वाचून दाखविले. क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, ‘वरचे चौसष्ट सोडून द्या भावोजी, पण तेराशे पुन्हा मागा.’

दुसरे पत्र मी गेल्या सोमवारी पाठविले आहे.